डोंबिवलीत राहायला येणाऱ्यांसाठी: हे शहर कसं चालतं (माहितीचा धागा)

चोळेगाव

"डोंबिवलीत घर बघतोय, कसं आहे?" हा प्रश्न आला की उत्तरं दोनच मिळतात. एक, गर्दी फार. दुसरं, सांस्कृतिक नगरी. दोन्हींचा घर शोधणाऱ्याला काही उपयोग होत नाही, म्हणून हा वेगळा धागा. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहावं.

आधी नकाशा. मध्य रेल्वेचा रूळ गावाच्या मधून जातो. सीएसएमटीपासून अंतर सुमारे ४८ किलोमीटर. पूर्वेला रामनगर, टिळकनगर, फडके रोड, मानपाडा रोड, पुढे एमआयडीसी आणि कल्याण-शीळ रस्ता. पश्चिमेला विष्णुनगर, शास्त्रीनगर, उमेशनगर, देवीचा पाडा, मोठागाव आणि पलीकडे उल्हासची खाडी. मुंबईच्या बाजूला कोपर स्टेशन, कल्याणच्या बाजूला ठाकुर्ली. कारभार कल्याण-डोंबिवली महापालिकेचा, स्थापना १९८३ ची. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरं मिळून साडेबारा लाखांच्या आसपास माणसं होती.

आता मुख्य मुद्दा. डोंबिवलीत अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही, "स्टेशनपासून चालत किती मिनिटं" असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. कमावता माणूस सकाळी सातच्या सुमारास घर सोडतो आणि रात्री आठनंतर परततो. बाजार, वाचनालयं, क्लास, देऊळ, सभागृहं, पोळी-भाजी केंद्रं हे सगळं स्टेशनच्या पंधरा मिनिटांच्या टप्प्यात दाटलं आहे ते याच कारणाने. घर निवडताना आधी हे ठरवा की रोज स्टेशन गाठायचं आहे का. गाठायचं असेल तर चालत वीस मिनिटांच्या आतलं जुनं, थोडं लहान घर हे रिक्षाने अर्ध्या तासावरच्या नव्या टॉवरपेक्षा सोयीचं. शेअर रिक्षाची सकाळची रांग आणि संध्याकाळची रांग मिळून दिवसाचा पाऊण तास सहज जातो, आणि पावसात जास्तच.

पूर्व-पश्चिम पायी जायला स्टेशनचे पूल आहेत. गाडीने जायचं तर कोपरचा उड्डाणपूल आणि ठाकुर्लीचा उड्डाणपूल. कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नवा होऊन सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. ती दोन वर्षं सगळी वाहनं एकट्या ठाकुर्लीच्या पुलावरून जात होती. म्हणून शाळा आणि घर शक्यतो रुळाच्या एकाच बाजूला घ्या. स्कूलबसवाले दुसऱ्या बाजूचं मूल घ्यायला नाखूश असतात ते उगाच नाही.

कोपर_वरचा_फलाट

धागा छान. रेल्वेची भर घालतो.

ठाकुर्ली आणि कोपरला फक्त स्लो गाड्या थांबतात. त्यामुळे "ठाकुर्ली स्टेशनला लागून" अशी जाहिरात वाचून घर घेतलं तरी फास्ट पकडायला डोंबिवली किंवा कल्याण गाठावं लागतं. उलट ठाणे, मुलुंड, भांडुपला कामाला जाणाऱ्याला ठाकुर्ली सोयीचं, कारण स्लोला चढायला तिथे निदान दारात जागा मिळते.

कोपरला वरच्या बाजूला दुसरा फलाट आहे, दिवा-वसई मार्गाचा. वसईकडे जायला दादरचा फेरा वाचतो, भिवंडीलाही तिथूनच जाता येतं. पण गाड्या मोजक्या आहेत, दोन गाड्यांमध्ये तासांचं अंतर पडतं. वेळापत्रक पाहिल्याशिवाय वर चढू नका.

फलाटावर इंडिकेटरवरचा १२ की १५ हा आकडा आधी बघायचा. पंधरा डब्यांची गाडी आली की लेडीज आणि फर्स्ट क्लासची जागा सरकते आणि नवखा माणूस चुकीच्या खांबाशी उभा राहतो. मग गाडी थांबल्यावर पळापळ होते, आणि ती गाडी काही त्याच्यासाठी थांबत नाही. गर्दीच्या वेळी गाडी डोंबिवलीहूनच सुटणारी असेल तर पाच-सात मिनिटं उशीर झाला तरी तीच घ्यावी. कल्याणपलीकडून आलेल्या फास्टला सकाळी दारात लटकण्यात काही शहाणपण नाही. दारातून पडून माणसं जातात, दर वर्षी जातात.

पास तिमाही काढला तर मासिकाच्या २.७ पट पडतो, सहामाही ५.४ पट. म्हणजे दहा टक्के वाचतात आणि रांगही वाचते.

नवीन_भाडेकरू

पश्चिमेला खाडीच्या बाजूला नव्या सात मजली इमारतींत घरं फार स्वस्तात सांगताहेत. रेरा नंबर आहे, बँक कर्ज देते म्हणतात. एवढं पुरेसं आहे का?

सातबारा_आठअ

नाही. अजिबात पुरेसं नाही. हे नीट वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण याच कारणाने झालं. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या गेल्या आणि त्या जोडून रेराची, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली गेली. नोंदणी क्रमांक खरा होता, त्यामागचा कागद खोटा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तोवर आयुष्याची पुंजी घालून लोक राहायला आले होते, हप्ते चालू होते.

म्हणून पडताळणी अशी करा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि तिथे चढवलेली बांधकाम परवानगी उतरवून घ्या. त्यावर जावक क्रमांक आणि तारीख असते. तो कागद घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि त्यांच्या नोंदीत हाच जावक क्रमांक, हाच सर्व्हे नंबर, एवढेच मजले आहेत का ते विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. बिल्डर म्हणेल की महिन्याभरात भाव वाढेल. वाढू दे.

त्यानंतर सातबारा किंवा मिळकत पत्रिका, वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल, आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. ओसी सगळ्या इमारतीची आहे की काही मजल्यांचीच, हेही बघा. पाच मजल्यांची मंजुरी आणि सात मजले उभे, हा नेहमीचा प्रकार आहे.

तीन गोष्टींवर अजिबात विसंबू नका. मालमत्ता कराचं बिल: कर अनधिकृत बांधकामालाही लागतो, बिल म्हणजे मान्यता नाही. वीजमीटर: तो राहणाऱ्याला मिळतो, इमारतीच्या कायदेशीरपणाशी त्याचा संबंध नाही. नोंदणी झालेला करारनामा: निबंधक कार्यालय दस्त नोंदवतं, बांधकाम तपासत नाही.

शीळ रस्त्याच्या बाजूच्या गावांत, म्हणजे भोपर, सोनारपाडा, पिसवली, निळजे वगैरे, आणखी एक गुंता आहे. ही २७ गावं १९८३ ला महापालिकेत आली, २००२ ला बाहेर पडली, २०१५ ला परत आत आली. २०२० मध्ये त्यातली १८ गावं पुन्हा वगळायचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयात टिकला नाही. मधल्या काळातल्या इमारतीला परवानगी नेमकी कोणत्या यंत्रणेने दिली ते शोधा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा घरपट्टीचा उतारा ही बांधकाम परवानगी नव्हे.

चोळेगाव

सातबारा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. जुन्या इमारतींबद्दलही थोडं लिहाल का? पूर्वेला सगळीकडे पुनर्विकासाचे फलक आहेत.

सातबारा_आठअ

थोडक्यात सांगतो. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करणं बंधनकारक आहे. अहवालात वर्ग येतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती, सी-३ किरकोळ. जुनं घर विकत घेताना हा अहवाल सोसायटीकडे मागाच. हातोडी-चाचणी आणि काँक्रीटचा गाभा काढून केलेली चाचणी त्यात आहे का ते पाहा. नुसत्या फोटोंवर लिहिलेला अहवाल कामाचा नाही.

पुनर्विकासाचा ठराव २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे होतो. विशेष सर्वसाधारण सभेला दोन-तृतीयांश गणसंख्या आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. आधी मानीव अभिहस्तांतरण करून जमीन सोसायटीच्या नावावर घ्या. हे राहिलं की मूळ मालकाचे वारस ऐनवेळी समोर येतात आणि काम तिथेच अडतं.

आजदे_पाडा

एमआयडीसीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. निवासी विभागात रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत, बंगले आहेत, आणि रासायनिक कारखाने पलीकडच्या रस्त्यावर आहेत. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोन मोठे स्फोट. २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला होता, तोही इथलाच. घर घ्यायचं ते हे माहीत असूनच घ्यावं.

वासाचं गणित वाऱ्यावर आहे. दिवसा वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे वास शीळ रस्त्याच्या बाजूला जातो. हिवाळ्यात रात्री हवा थंड होऊन खाली बसते, वारा पडतो, आणि वास इमारतींमध्ये साचून राहतो. म्हणून घर दुपारी बघू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री अकराला आणि पहाटे पाचला त्या गल्लीत जाऊन उभे राहा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना "खूप वास येतो" एवढंच लिहिलं तर काहीच होत नाही. वेळ, चौक, वाऱ्याची दिशा, वास कसला (कुजक्या अंड्याचा, थिनरसारखा, ब्लीचसारखा) आणि किती मिनिटं टिकला, एवढं लिहा. एकाच वेळेच्या चार-पाच घरांच्या तक्रारी गेल्या तर अधिकाऱ्याला कारखाना शोधता येतो.

स्फोटाचा आवाज आला की खिडकीशी जाऊन बघायचा मोह आवरा. २०१६ मध्ये लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या. काचेपासून दूर, आतल्या भिंतीशी या. धूर दिसत असेल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा. वाऱ्याबरोबर पळालात तर धूर तुमच्याबरोबर येतो. ओला रुमाल धुळीला आणि काजळीला थोडा आडवा येतो, विषारी वायूला नाही. बेडरूमच्या खिडक्यांना पारदर्शक सुरक्षा-फिल्म लावून घ्या. काच फुटली तरी तुकडे चिकटून राहतात.

फडके_रोड

आता सणांचं. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची सुरुवात १९९९ साली डोंबिवलीत झाली. कल्पना आबासाहेब पटवारी यांची आणि पुढाकार श्री गणेश मंदिर संस्थानाचा. गिरगाव, ठाणे आणि बाकीच्या गावांच्या यात्रा त्यानंतरच्या. यात्रेची पालखी फडके रोडला गणेश मंदिरापाशी येते. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे याच रस्त्यावर तरुण मंडळी नवे कपडे घालून जमतात. आधी गणपतीचं दर्शन, मग भेटीगाठी. त्या सकाळी फडके रोडवर गाडी नेऊ नका.

नव्या सोसायट्यांना यात्रेत उतरायचं असतं आणि पहिल्या वर्षी त्याच त्याच चुका होतात. चित्ररथाची रस्त्यापासून एकूण उंची १२ फुटांच्या आत ठेवा. टेम्पोचा पाटाच तीनेक फूट वर असतो, म्हणजे देखाव्याला नऊ फूट उरतात. गल्लीतल्या केबल आणि इंटरनेटच्या तारा त्याहून खाली लोंबत असतील तर आदल्या दिवशी पायी फिरून पाहून ठेवा. फ्लेक्सला वारा जाण्यासाठी चंद्रकोरीसारखे काप द्या, नाहीतर पुलाच्या चढावर शीड होतं आणि बांबू वाकतो. विषय एकच ठेवा. पाण्याची बचत, मोबाईलचं व्यसन आणि शिवराज्याभिषेक एकाच गाडीवर आले की बघणाऱ्याला काहीच कळत नाही. लहान मुलं उभी करणार असाल तर कमरेच्या उंचीला आडवा बांबू आणि दर मुलामागे पाणी हवंच. मार्च-एप्रिलचं ऊन सकाळी नऊलाच चढतं.

रांगोळीचं प्रमाण विचारतात म्हणून देते. चौरस फुटाला शंभर ते दीडशे ग्रॅम रंग लागतो, म्हणजे १० बाय १० च्या रांगोळीला १० ते १५ किलो. तयार रंग सरळ वापरलात तर फार मऊ पडतो, बोटांतून गोळ्यांनी सुटतो. एक वाटी रंगाला तीन वाट्या पांढरी रांगोळी मिसळून दोनदा चाळणीतून काढा, मग धार अखंड येते. डांबरी रस्ता खडबडीत असतो, म्हणून आधी बारीक चाळलेल्या रेतीचा पातळ थर द्यायचा. रस्ता धुवायचा तर आदल्या संध्याकाळीच. पहाटे धुतलेल्या ओल्या रस्त्यावर रंग डाग धरतो आणि पाकळीची कड फुटते. मधून बाहेर काढत या. आतल्या भागासाठी दोन विटांवर फळी टाकून तिच्यावर बसा, म्हणजे पाय रांगोळीत पडत नाही.

खिडकाळी_मार्ग

फडके रोडताई, माहिती उत्तम आहे. पण एक मनापासून सांगतो: डोंबिवली म्हणजे फक्त फडके रोड आणि टिळकनगर नव्हे. आयरे, चोळे, नांदिवली, मोठागाव, आजदे ही आगरी-कोळ्यांची गावं आधीची. गावदेवीच्या जत्रा, हळदी, महाशिवरात्रीला खिडकाळेश्वराच्या देवळातली रांग हेही इथलंच सामाजिक जीवन आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झालं, त्याची यजमान संस्था आगरी यूथ फोरम होती. संमेलनाच्या नगरीला नाव लेखक पु. भा. भावे यांचं होतं, जे इथेच राहत. दोन्ही धागे एकत्र आले तेव्हा ते संमेलन उभं राहिलं.

आणि केरळीय समाजम् विसरू नका. त्यांची मॉडेल शाळा आणि कॉलेज, त्यात मराठी घरांतली किती मुलं शिकली! ओणमला पूर्वेच्या बाजारात केळीची पानं आणि झेंडूचे ढीग बघा.

गावात भाड्याने राहायला येणाऱ्यांना एक सूचना. गावदेवीच्या जत्रेच्या दिवशी आतल्या रस्त्याने गाडी निघणार नाही. तारीख आधी विचारून ठेवा, घरमालक आनंदाने सांगतात आणि जेवायलाही बोलावतात.

फडके_रोड

बरोबर आहे दादा, माझ्याकडून ते राहिलंच. मोठागावचा उल्लेख मूळ धाग्यात आला तोही फक्त नकाशापुरता.

वाचनकट्टा_डों

आम्ही बारा-पंधरा जण सोसायटीत महिन्याला एक व्याख्यान सुरू करतो आहोत. वेळ कोणती ठेवावी?

चोळेगाव

आठवड्याच्या मधल्या वारी ठेवायचं तर रात्री साडेआठच्या आधी नको. लोक घरी येऊन हातपाय धुऊन चहा घेतात, मगच खाली उतरतात. शनिवारी साडेसहा चालतं. रविवारी वक्ता मुंबईहून येणार असेल तर आधी मेगाब्लॉक बघा. मुख्य मार्गावर तो बहुधा सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो आणि त्यानंतरही गाड्या रुळावर यायला तास-दीड तास जातो. म्हणून रविवारी एक तर सकाळी साडेनऊला कार्यक्रम, नाहीतर संध्याकाळी साडेसहाला. चारची वेळ कधीच देऊ नका. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गेलेल्या माणसाने पूर्वेला की पश्चिमेला हे फोनवर दोनदा सांगावं. चुकीच्या बाजूला उतरलेल्या वयस्कर वक्त्यांना पुन्हा पूल चढावा लागतो.

पहिल्या तीन कार्यक्रमांना वीसच खुर्च्या मांडा. भरल्या तर चटया टाकता येतात, पण शंभर खुर्च्यांत अठरा माणसं बसली की वक्त्याचाही उत्साह जातो. पुस्तकांची देवघेवही त्याच दिवशी ठेवा. पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदानाचं प्रदर्शन इथे लोकांच्या अंगवळणी पाडलं आहे, तेच लहान प्रमाणात: एक द्या, एक न्या. शालेय क्रमिक पुस्तकं आणि फाटकी मासिकं घ्यायची नाहीत हे आधीच फलकावर लिहा, नाहीतर रद्दी साचते.

घडीची_पोळी

संध्याकाळच्या बाजाराबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. साडेसहा ते साडेनऊ स्टेशनबाहेर निवडलेली मेथी, सोललेले वाल, मटार, तुकडे केलेल्या शेवग्याच्या शेंगा पुड्यांमध्ये मिळतात. गाडीतून उतरलेल्या बाईला घरी पोचून अर्ध्या तासात जेवण वाढायचं असतं, तिच्यासाठी ही व्यवस्था. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई करणारा २०१७ चा न्यायालयाचा निर्णय आहे, त्यामुळे कारवाईच्या दिवशी हा बाजार आतल्या गल्ल्यांत सरकतो. पुडी घेताना तळाशी पाणी साचलंय का बघा. ओली भाजी त्याच रात्री करावी लागते.

पोळी-भाजी केंद्र चालवायचा विचार करणाऱ्या बायकांसाठी हिशेब. एक किलो कणकेत साधारण सहाशे मिली पाणी जातं, पन्नास ग्रॅमचा गोळा धरला तर तीसेक घडीच्या पोळ्या होतात. दीडशे पोळ्यांना पाच किलो कणीक, दोन लाटणारे हात आणि दोन तवे लागतात. गरम पोळी सरळ पिशवीत घातली की घामेजते आणि दोन तासांत आंबूस वास येतो. जाळीवर कापड टाकून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या, मगच बांधा. भाजीत रोज एक सुकी आणि एक रस्सा. सोमवारी आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी वाढवायची, त्या दिवशी पोळ्यांची मागणी कमी होते. गाड्या बंद पडल्या की ऑर्डर घ्यायला कुणी वेळेवर येत नाही, त्या रात्री नऊऐवजी अकरापर्यंत दार उघडं ठेवणाऱ्या केंद्राकडेच लोक नंतर वर्षानुवर्षं येतात.

नवीन_भाडेकरू

सगळ्यांचे खूप आभार. खाडीकडचा व्यवहार थांबवला, जावक क्रमांक मागितल्यावर एजंट फोनच उचलत नाही. आता पूर्वेला नेहरू रोडजवळ १६ घरांच्या जुन्या इमारतीत बघतोय. पाण्याचं काय विचारू?

सातबारा_आठअ

माणशी दिवसाला १३५ लिटर धरा. सोळा घरं, घरटी चार माणसं, म्हणजे ६४ माणसांना ८,६४० लिटर. जमिनीखालची टाकी किमान दहा हजारांची हवी, म्हणजे एक दिवस पाणी आलं नाही तरी निभतं. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ येतं हे सेक्रेटरीला नाही, पंप चालू करणाऱ्या माणसाला विचारा. मग त्या वेळी जाऊन टाकीचं झाकण उघडून धार बघा. कुणी मुख्य लाइनला थेट पंप लावलेला असेल तर बाजूच्या इमारतीला पाणी चढत नाही आणि रोज भांडणं होतात. तो बेकायदाही आहे. टाकीच्या भिंतीला तडा असेल तर पावसाळ्यात गटाराचं पाणी आत झिरपतं. टाकी शेवटची कधी धुतली त्याची नोंद मागा, आणि गेल्या उन्हाळ्यात टँकरची किती बिलं झाली ती सोसायटीच्या हिशेबाच्या वहीत बघा.